समुद्राचं बोर्ड

लाटेवर उभी राहणारी बाई आमच्या गावात माझ्याआधी कुणी झाली नाही. माझ्यानंतर होईल असंही वाटत नाही. तेल्हाऱ्याकडचं आमचं गाव समुद्रापासून इतकं लांब, की शाळेत नकाशा रंगवताना आम्ही समुद्राला फक्त काठाकाठानं निळं करत असू. एवढ्या रिकाम्या जागेसाठी कोण खडू संपवणार? अशा गावची मी चाळिशी उलटल्यावर बँकेच्या बदलीनं कोकणात एका किनाऱ्यावर जाऊन पडले आणि तिथं सर्फिंग शिकले.

बदली तशी शिक्षाच होती. अकोल्याच्या शाखेत साहेबांना मी चारचौघांत दोन शब्द ऐकवले होते. माझ्या तोंडाला वऱ्हाडात सरळ म्हणतात आणि वऱ्हाडाबाहेर फटकळ. कोकणात गेल्यावर आणखी एक पंचाईत झाली. आमच्याकडे बायाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. पहिल्याच दिवशी काउंटरवरून उठताना मी म्हटलं, "मी जेवून येतो," आणि अख्खी शाखा खाली बघून हसली. मी मनात म्हटलं, हसा. तुमचा समुद्र नुसता बघायचा आहे, तुमच्याशी लग्न थोडंच करायचं आहे.

रोज संध्याकाळी वाळूत बसून मी बघत राहायचे. पोरंपोरी लांबलचक फळ्या काखेत मारून पाण्यात शिरत, लाटेची वाट बघत बसत आणि ती आली की तिच्या पाठीवर उभी राहून काठाला येत. त्यांना शिकवणारी मुलगी मच्छीमाराच्या घरातली, वयानं माझ्या निम्मी. एके दिवशी ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"नुसतं बघून काय होणार, मॅडम? पोहता येतं ना?"

"येतं. तुंब्यावर शिकले."

तुंबा तिला ठाऊक नव्हता. मी सांगितलं, दुधीभोपळा वेलावरच जून होऊ द्यायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा, सुतळीच्या जाळीत बांधायचा आणि पोटाखाली धरून डोहात उतरायचं. माणूस बुडत नाही. ती हसली आणि म्हणाली, "मग तुम्ही आमच्यातल्याच. तुमचा बोर्ड गोल आहे एवढंच."

पहिल्याच लाटेनं मला उलटीपालटी करून वाळूत आपटलं. नाकातोंडात पाणी गेलं. आणि ठसका लागलेला असतानाच मला हसू फुटलं, कारण त्या पाण्याला माझ्या माहेरच्या विहिरीची चव होती. आमचा भाग खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारट. विहीर खणा, बोअर मारा, खारंच लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, झेंडूचं रोप त्या पाण्यावर ठेवलं तर चार दिवसांत पानं करपतात. लोकांना समुद्र खारट लागून थुंकावंसं वाटतं, मला मात्र घरची आठवण झाली. मी पुन्हा आत गेले.

उभी राहायला मला फार वेळ लागला. किती ते सांगत नाही, सांगितलं तर लोक हसतील. पण ज्या दिवशी पायाखालची फळी स्थिर झाली आणि लाट मला घेऊन निघाली, त्या दिवशी मी इतकी ओरडले की काठावरची कुत्री भुंकायला लागली. संध्याकाळी मायला फोन केला.

"फळीवर उभी राहून काय करतं तू? मासोळ्या धरतं?" मायनं विचारलं.

"काही नाही. नुसती उभी राहतो."

"त्याच्यासाठी समुद्रात काहून जा लागते? घरी उभं राहाले जागा नाही का?"

मायचं आणि माझं तोंड एकाच साच्यातलं.

त्याच किनाऱ्यावर काळ्या दगडांची लांब भिंत घालायचं ठरलं, तेव्हा मी या लोकांचं दुसरं रूप पाहिलं. एरवी ही पोरं भरती-ओहोटीशिवाय कशाची फिकीर न करणारी. पण भिंत झाली की वाळू धुऊन जाणार, कासवं यायची थांबणार आणि लाटही मोडणार, हे त्यांना पाण्यात बसून बसून कळलेलं होतं. ती गावोगाव फिरली, बैठका घेतल्या. साहेब लोकांसमोर त्यांनी कासवांबद्दल आणि प्रवाहांबद्दल इतकं छान सांगितलं की साहेब लोक जांभया द्यायला लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले आणि म्हटलं, "साहेब, हे सगळं राहू द्या. ही आमची वहिवाट आहे. रोज उठून आम्ही इथूनच पाण्यात जातो. वहिवाट तुम्ही कशी अडवता?"

वहिवाट म्हणताच साहेब सरळ बसले. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हा शब्द दुधातून पाजलेला असतो. शेताच्या धुऱ्यावरून, पांदीच्या वाटेवरून, गाडीवाटेवरून आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात, ती सगळी याच शब्दावर. पोरांनी तो उचलला. मग एका सकाळी सगळे जण फळ्या घेऊन पाण्यात गेले, गोल करून बसले आणि एकमेकांचे हात धरून राहिले. होड्या घेऊन मच्छीमारही आले. त्या गोलात मीही होते. भिंतीचं काम तिथून हललं. त्या रात्रीच्या जेवणात मला मानाचं पहिलं पापलेट वाढलं, आणि मी माळकरी घरातली असल्यामुळे मला ते नाकारावं लागलं, याचं पोरांना अजून वाईट वाटतं.

नंतर माझी बदली परत अकोल्याला झाली. फळी मी सोबत आणली नाही. अकोल्यात ती ठेवून काय करणार, पापड वाळत घालणार?

रविवारी मी गावी जायची. गावाला एक नदी आहे, सातपुड्यातून उतरून पूर्णेला मिळणारी. उन्हाळ्यात ती कोरडी पडते, पण गावाजवळच्या वळणावर तिचा एक डोह आहे, तो आटत नाही. त्याचं पाणी गोड. डोहाच्या काठाला माळ्यांच्या वाड्या आहेत. मेथी, वांगी, झेंडू, शेवंती, सगळं त्याच पाण्यावर. आमच्या मायची फुलांची वाडीही तिथंच. बाबा गेल्यापासून ती एकटी बघते. तिचा झेंडू अकोल्याच्या बाजारात जातो, दसरा-दिवाळीला अमरावतीपर्यंत. त्या डोहाला काही झालं तर मायच्या वाडीत बोरी-बाभळीशिवाय काही उगवणार नाही.

आणि पहाटे तो डोह बायांचा असतो. दिवस उगवायच्या आत गावातल्या बाया तुंबे घेऊन उतरतात, मनसोक्त पोहतात आणि उजाडायच्या आत घरी येऊन चुलीला लागतात. त्या वेळी एकही पुरुष तिकडे फिरकत नाही. कुणी तसा नियम केलेला नाही, पण मोडलेलाही नाही. आणि पोहणं हा शब्द कुणी उच्चारत नाही. 'पाण्याले जातो' म्हणतात. कुणी घागर नेत नाही, तरी पाण्यालाच जातात. सासवांना ठाऊक, नवऱ्यांना ठाऊक, पण तोंडानं बोलायचं नाही. माय सत्तरीला आली तरी तिचा हा नेम चुकलेला नाही.

पावसाळा संपल्यावरच्या एका रविवारी मी वाडीत गेले तर डोहाच्या वरच्या तोंडाशी मलब्याचा ढीग. फुटकं सिमेंट, विटा, गंजक्या सळ्या, प्लास्टिक. रस्ता रुंद करताना पाडलेल्या घरांचा तो मलबा ट्रकनं आणून टाकत होते. चौकशी केली तेव्हा कळलं, डोह बुजवून सपाट करायचा, वर फरशी, दोन बाकडी आणि गाड्या लावायला जागा. त्याला नाव दिलं होतं नदीकाठ सुशोभीकरण. आमच्या गावात गाड्या मोजायच्या म्हटल्या तर बैलगाड्याच जास्त निघतील.

मी तालुक्याला गेले. कार्यालयातल्या साहेबांनी शांतपणे फाइल माझ्याकडे फिरवली. स्थळपाहणी झालेली होती. गावकऱ्यांना विचारलेलं होतं. गावकऱ्यांनीच सांगितलं होतं की डोह वापरात नाही.

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुमच्याच बाया-माणसांनी, मॅडम. हे अंगठे बघा, ह्या सह्या बघा. हरकतीची मुदतही गेली."

सह्यांत मायची सही होती. शाळेत न जाता माझ्याकडून गिरवून शिकलेली, एकेक अक्षर वेगळं ठेवलेली. मी ती कुठंही ओळखली असती.

संध्याकाळी वाडीत जाऊन मी डोक्यात राख घालून घेतली. "माय, तू नाही म्हणाली? तू काहून नाही म्हणाली?"

माय झेंडू तोडत होती. तिनं मान वर केली नाही. "भर दुपारी आला तो माणूस. चौघाईसमोर विचारते, बाई, तुमी इथं पोहता का? मंग मी काय सांगू? परक्या माणसाले सांगू का मी पाण्यात उतरतो म्हणून? नाही म्हटलं. सगळ्याईनंच नाही म्हटलं."

"अन् बाप्यांनी?"

"त्याईले विचारलं, डोहाचं पाणी घेता का. त्याईले वाटलं आता पंप जप्त करतेत. ते बी नाही म्हणे."

म्हणजे बायांनी लाजेनं आणि पुरुषांनी भीतीनं, सगळ्या गावानं मिळून आपल्याच हातानं डोहाचं मरण लिहून दिलं होतं. मी रागावले, मग हसायला आलं, मग रडायला आलं. माय तोडलेली फुलं पाटीत टाकत होती. ती एवढंच म्हणाली, "मले काय मालूम, पोहत नाही म्हटलं तं डोहच बुजवतीन."

पुन्हा पाहणीला या म्हणून मी साहेबांना कितीदा तरी फोन केले. साहेब ताकास तूर लागू देईनात. आज बैठक, उद्या दौरा, परवा व्हिडिओ कॉन्फरन्स. इकडे ट्रक येतच होते. ढीग डोहाच्या पाण्याला टेकला होता.

शेवटी एका रविवारी गावातूनच मी कोकणातल्या माझ्या गुरूला, त्या मच्छीमाराच्या पोरीला, फोन लावला. फोन स्पीकरवर होता, माय शेजारी पातीचा कांदा निवडत होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, आमचं काम समुद्राचं, नदीत आम्ही काय करणार. पण ती म्हणाली, "पावसाळ्यानंतर आमच्या किनाऱ्यावर जो कचरा येतो तो आकाशातून पडत नाही, मॅडम. खाडीतूनच येतो, म्हणजे नदीतूनच. आम्ही बोलतच होतो, आता नद्यांच्या वर जायला हवं. तुमची नदी कुठं जाते?"

"पूर्णेत. पूर्णा तापीत. तापी समुद्रात."

"मग झालं. शनिवारी सकाळी पोचतो. बोर्ड घेऊनच येतो."

मी फोन ठेवला आणि माय उठून शेजारी गेली. तिथून पुढे काय घडलं ते मला शुक्रवारी संध्याकाळी कळलं. मी अकोल्याहून गावात उतरले तर चावडीसमोर सडा घातलेला, डोहाकडे जाणाऱ्या गाडीवाटेच्या दोन्ही बाजूंच्या दगडांना चुना लावलेला, आणि सरपंच माझीच वाट बघत उभे.

"बाई, बोर्डाच्या साहेबाईले नाश्त्याले काय लागते? पोहे चालतीन का?"

"कोणत्या बोर्डाच्या?"

"समुद्राच्या! तुमची माय म्हणे ना, शनिवारी समुद्राचं बोर्ड येऊन राहिलं. डायरेक्ट मुंबईवरून."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे बोर्ड म्हणजे वीज बोर्ड, शिक्षण बोर्ड, कापूस विकणारं बोर्ड. बोर्ड म्हणजे पांढऱ्या गाडीतून उतरणारे साहेब. फळीला बोर्ड म्हणतात हे आमच्या गावात कुणाच्या बापाला ठाऊक? मी सरपंचांना बाजूला घेऊन समजावलं की बोर्ड म्हणजे पाण्यावर उभं राहायची फळी आणि ती घेऊन चारपाच पोरंपोरी येणार आहेत. सरपंचांचा चेहरा पडला. मग हळूहळू त्यावर वेगळीच चमक आली.

"कोणाले बोलू नोका," ते म्हणाले. "मी तालुक्याच्या साहेबाले फोन करून बसलो. समुद्राचं बोर्ड पाहणीले येऊन राहिलं म्हटल्यावर त्यानं दौरा-बिरा सगळा सोडला. उद्या सकाळीच येतो म्हणे."

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मी म्हटलं, "पोहे चालतील."

शनिवारी उजाडता उजाडता सगळं गाव डोहाच्या काठी होतं. साहेब कडक इस्त्रीच्या शर्टात फाइल छातीशी धरून उभे होते. ठेकेदाराला काहीच पत्ता नसल्यामुळे त्याचा मलब्यानं भरलेला ट्रकही नेहमीसारखा आला होता आणि गाडीवाटेवर साहेबांच्या गाडीच्या मागं अडकून पडला होता. बाया एका बाजूला डोक्यावर पदर घेऊन खाली बसल्या होत्या. त्यांच्यामागच्या निरगुडीच्या झुडपात तुंबे दडवलेले होते. मी त्यांना आदल्या रात्री घरोघर फिरून समजावलं होतं की या वेळी खरं बोला. त्यांनी माना डोलावल्या होत्या, पण मला भरवसा नव्हता.

गाडीवाट अडलेली, म्हणून पडीक रानातून धूळ उडवत एक जुनी जीप आली. टपावर रंगीत फळ्या, एकीवर एक दोरीनं करकचून बांधलेल्या. जीपमधून अर्ध्या चड्डीतली, प्रवासानं चुरगळलेली, उन्हानं केस तांबूस झालेली पोरंपोरी उतरली. सरपंचांनी पुढे होऊन माझ्या गुरूच्या गळ्यात मायच्या झेंडूचा हार घातला.

साहेब जीपच्या आत वाकून बघायला लागले. "बोर्डाचे लोक मागच्या गाडीत आहेत का?"

माझी गुरू निरागसपणे टपाकडे बोट करून म्हणाली, "बोर्ड हे काय, वर आहेत."

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग आधी सरपंच हसले, मग पुरुष, मग पदराआडून बाया, आणि हसण्याचा असा भडका उडाला की निरगुडीतली पाखरं उडाली. साहेबांच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. "हा पोरखेळ आहे," ते म्हणाले. "माझा वेळ घालवला तुम्ही. ठीक आहे. आलोच आहे तर सगळ्यांसमोर शेवटचं विचारतो. हा डोह कोण वापरतं?"

हसू बंद झालं. पुरुष चपला बघायला लागले. बायांचे पदर आणखी खाली आले. साहेबांनी पेन काढलं, थांबले, आणि पुन्हा खिशात ठेवायला निघाले. मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझं ओरडणं चालणार नव्हतं. मी अकोल्यात राहते. डोह माझ्या बोलण्यानं वाचणार नव्हता. 

माय उठली. तिनं डोक्यावरचा पदर काढला, कमरेला खोचला, निरगुडीत हात घालून आपला तुंबा बाहेर ओढला आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"मी पोहतो, साहेब. लहानपणापासून पोहतो. मागच्या बारीले मी तुमच्या माणसाजोळ खोटं बोलली."

एवढं बोलून ती वळली आणि नऊवारीचा काचा मारलेलाच होता, तशी पाण्यात शिरली. तुंबा पोटाखाली घेऊन ती डोहाच्या मध्यापर्यंत गेली. पाण्यात तिच्या हालचालीत सत्तरीचं काही दिसत नव्हतं. मागं बघून ती ओरडली, "काय बसून राहिल्या वो? रोज तं माह्या आधी येता!"

मग एक उठली, दुसरी उठली, आणि बघता बघता सगळं निरगुडीचं झुडूप रिकामं झालं. तरण्या, म्हाताऱ्या, कालच लग्न होऊन आलेली एक, सगळ्या तुंबे घेऊन धपाधप पाण्यात. काठावरच्या पुरुषांनी सवयीनं तोंडं फिरवली. साहेबही गडबडून पाठमोरे झाले.

डोहातून मायचा आवाज आला, "तोंड काहून फिरवता, साहेब? पाहाले तं आले ना तुमी? मंग पाहा. अन् लिवून घ्या."

साहेब वळले. त्यांना वळावंच लागलं. पाणी गळणाऱ्या त्या सगळ्या बाया त्यांच्याकडे सरळ बघत होत्या. एकीचाही पदर डोक्यावर नव्हता. मी आयुष्यात पुष्कळ लाटा बघितल्या, पण छाती इतकी भरून कधी आली नाही.

कोकणातल्या पोरांनी फळ्या सोडल्या आणि तीही उतरली. माझी गुरू हारासकट उडी मारायला निघाली, तशी माय तिच्यावर डाफरली, "हार काढून ठेव व पोरी, पाण्यात फुलं कुजतात!" तिनं मुकाट्यानं हार काढून बाभळीच्या फांदीला अडकवला. मी साडी नेसून आले होते, बँकेची चांगली साडी. तिच्यासकट मी पाण्यात गेले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी आपोआप गोल झाला. तुंबा, फळी, तुंबा, फळी, आणि मधे एकमेकींचे धरलेले हात. माझ्या एका हातात मायचा हात होता, चिकाच्या डागांनी काळा पडलेला.

बायांनी एवढं केल्यावर पुरुषांना गप्प बसणं शक्यच नव्हतं. एक जण पुढे आला. "साहेब, पंप माहा हाय. डोहातूनच पाणी घेतो. जप्त करा पाहिजे तं." मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. साहेबांनी फाइल गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि उभ्यानं पंचनामा लिहिला. लिहिताना ते मायला विचारत होते आणि माय पाण्यातूनच सांगत होती. काय काय पिकतं, कुणाची वाडी कुठून कुठवर, पाणी कोणत्या महिन्यात किती खाली जातं. शेवटी त्यांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. डोह गावाच्या रोजच्या वापरात आहे, भराव तात्काळ थांबवण्यात यावा, टाकलेला मलबा ठेकेदारानं उचलावा. वाचून झाल्यावर साहेब थोडे घुटमळले आणि मायला म्हणाले, "आजी, पाणी थंड नाही का?"

"उतरून पाहा," माय म्हणाली.

साहेब उतरले नाहीत. पण पोहे खाल्ले, दोनदा घेतले.

राहिला तो ट्रक. साहेबांची लहान गाडी जीपच्या चाकोरीनं रानातून निघून गेली, पण भरलेला ट्रक तिथंच होता. गाडीवाट इतकी अरुंद की त्याला वळता येईना. एका बाजूला झेंडू, दुसऱ्या बाजूला वांगी, पुढे डोह. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून रडकुंडीला आला होता. "बाई, मी इथीच रिकामा करून निघू का? एवढा लोड घेऊन मांगं कसा जाऊ?"

"जसा आला तसा," माय म्हणाली.

ती पाण्यातून बाहेर आली. लुगडं पिळलंसुद्धा नाही. तिच्यामागं सगळ्या बाया आल्या, पाणी निथळत, तुंबे खांद्याला लटकवून. त्यांनी ट्रकच्या मागं दोन्ही बाजूंनी जागा घेतली. मायनं मागच्या पत्र्यावर थाप मारली. "येऊ द्या मांगं! येऊ द्या! धीरे धीरे!"

ट्रक मागं सरकू लागला. "इकडं स्टेअरिंग कापा! आमच्या झेंडूत घालतं का रे?" कुणी ओरडलं. "आता सीधा! येऊ द्या, येऊ द्या!" फुटक्या विटांनी भरलेला तो अवजड ट्रक इंचाइंचानं डोहापासून लांब जाऊ लागला आणि गावातल्या बाया त्याला मागं मागं घेऊन चालल्या. चुना लावलेल्या दगडांवरून त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे उमटत गेले. कोकणातली पोरं टाळ्या वाजवत होती. मी ओल्या साडीत चालत होते, रडत होते की हसत होते ते मला कळत नव्हतं, आणि गळा बसेपर्यंत मीही ओरडत होते, येऊ द्या, येऊ द्या.

थेट डांबरी रस्ता लागेपर्यंत आम्ही त्याला नेलं. तिथं मायनं पत्र्यावर शेवटची थाप मारली.

"बस," ती म्हणाली. "आता वळव."